मुरलीधररावांच्या खुर्चीखालचा मणका

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, दुपार

आदरणीय दिनकरमामा,

सविनय जयभीम. तुमचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल आणि चंदामामींचा गुडघा जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. (दोन्हींची खबर मामींनी कालच फोनवर दिली. पण पत्रात प्रकृती विचारली नाही, तर तुम्ही पुढचं वाचत नाही.) मी बरी आहे. सुगतदादा आणि प्राचीवहिनी बरे आहेत. तुमच्या मुलाचं वजन वाढलं आहे, पण त्याचा या पत्राशी संबंध नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि ही हकिकत मध्येच तोडली तर मी गुन्हेगार ठरते.

फोटो तुमच्यापर्यंत पोचला, हे मला कळलं आहे. मामी म्हणाल्या, "तुझ्या मामांनी फोटो पाहिला, चष्मा काढला आणि गच्चीवर गेले. जेवायलाही लवकर उतरले नाहीत." फोटोत मी स्टेजवर एका वयस्कर गृहस्थांच्या पायाशी वाकले आहे. माझे हात त्यांच्या बुटांजवळ आहेत, त्यांचा हात माझ्या डोक्यावर आहे आणि खाली कुणीतरी लिहिलं आहे, 'संस्कार हों तो ऐसे'. आता तुम्हाला काय वाटलं असेल ते मला इथे बसून दिसतं. नोकरीत असताना साहेब आले की सगळं ऑफिस वाकायचं आणि तुम्ही तेवढे सरळ उभे राहून जयभीम म्हणायचा. वाकायचं ते विहारात, बुद्धापुढे. माणसापुढे उभं राहायचं, हे तुम्ही मला चालायला शिकवतानाच शिकवलंत. तर मामा, मी कुणाच्या पाया पडले नाही. मी मणका शोधत होते.

सुरुवातीपासून सांगते. शार्दूल सबनीस नावाचे एक गृहस्थ आहेत. मूळचे पुण्याचे. गुरुग्राममध्ये सॉफ्टवेअर विकायचे. बसून बसून स्वतःची पाठ गेली, तेव्हा त्यांनी कंपनी सोडली आणि द्वारकेत पाठीच्या दुखण्याचं क्लिनिक काढलं. (दिल्लीत माणूस ज्या गोष्टीने हैराण होतो, तिचाच धंदा काढतो. शेजारच्या ब्लॉकमध्ये पाण्याचे फिल्टर विकणारे आहेत.) उद्घाटनाला भाषण करायला त्यांनी मला हॅमिल्टनहून बोलावलं. भाषण पसंत पडलं तर क्लिनिकची प्रमुख मी, असं त्यांनी लिहिलं होतं. मला ही नोकरी हवी होती. साधी नाही, फार हवी होती. तिथे, न्यूझीलंडमध्ये, आठ वर्षं मी गाई पाळणाऱ्या धिप्पाड माणसांच्या पाठी हातांनी मोकळ्या केल्या. भली माणसं आहेत. पण त्यांच्याकडे दुखण्याला एकच शब्द आहे. आपल्याकडे ठणकतं, ठसठसतं, कळ येते, चमक निघते, अवघडतं, भरून येतं. पेशंटने नुसतं "चमक निघते" म्हटलं की माझं अर्धं काम होतं. तिथे मी ते अर्धं काम आठ वर्षं अंदाजाने केलं. मला माझी भाषा बोलणाऱ्या पाठी हव्या होत्या. हिंदीही चालली असती.

पहिला घोटाळा बॅनरचा झाला. मी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके मोकळे करणारी; पण हा शब्द इथे कुणाला ठाऊक नाही, म्हणून शार्दूलरावांनी माझ्या नावाखाली 'इंटरनॅशनल स्पाइन सर्जन' छापलं. मी म्हटलं, मी सर्जन नाही, मी चाकूला हात लावत नाही. (हे तुम्हालाही सांगायचं होतंच. कॉलनीत तुम्ही मला सर्जन म्हणून सांगता. आता थांबवा.) ते म्हणाले, "मॅम, पब्लिकला काय फरक पडतो? बिल्कुल चिंता करू नका." मी चिंता केली. शेवटी 'सर्जन'वर पांढरी पट्टी चिकटवली. उरलं 'इंटरनॅशनल स्पाइन'. अशा रीतीने कार्यक्रमभर मी एक आंतरराष्ट्रीय मणका होते.

दुसरा घोटाळा खऱ्या मणक्यांचा. म्हणजे प्लास्टिकच्या. भाषणात दाखवायला मी पाठीच्या कण्याचा पुरा सांगाडा आणला होता. विमानात त्याची आतली दोरी तुटली. सुगतदादा म्हणाला, "चलो, करोल बाग." तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत त्याने एका दुकानदाराकडून दोरीच्या जागी स्कूटरची क्लच वायर ओवून घेतली. दुकानदाराने कणा हलवून पाहिला, वाकवून पाहिला, आणि म्हणाला, "मैडम, आदमी टूट जाएगा, यह नहीं टूटेगा." त्याचं खरं ठरलं. वायर तुटली नाही. टोकाचा नट निघाला.

कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये होता. आधी दीप, मग हार, मग शाली, मग ज्यांना शाली मिळाल्या त्यांची भाषणं. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि वक्ता तोंड उघडं ठेवून थांबायचा. मला स्टेजवर एका इतक्या खोल सोफ्यावर बसवलं होतं की माझे गुडघे माझ्या हनुवटीला दिसत होते. अशा सोफ्यावर बसू नका, हे माझ्या भाषणातलं दुसरंच वाक्य होतं. ते वाक्य पोटाशी धरून मी दीड तास त्याच सोफ्यावर बसले. शेजारी लाकडी खुर्चीत अध्यक्ष होते, मुरलीधरराव. शार्दूलरावांचे सासरे, दिल्लीत सरकारी नोकरीतल्या मोठ्या पदावरून निवृत्त. क्लिनिकमध्ये पैसा त्यांचा, त्यामुळे नेमणूकही त्यांच्याच हातात. अखेर माझं नाव पुकारलं. मी सांगाडा उचलून उठले, नट निघाला, आणि सगळे मणके माळ तुटल्यासारखे स्टेजभर धावले. बाकीचे लोकांनी उचलले. एक कमरेचा मणका, चांगला जाडजूड, मुरलीधररावांच्या खुर्चीखाली शिरला. मी तो काढायला वाकले. आणि मामा, माझी कंबर धरली.

अशी धरली की श्वास घ्यायचा की नाही, याचाही विचार करावा लागला. वर मुरलीधररावांचा आवाज आला, "राहू दे, बेटा, राहू दे." मी राहिले. "अगं, ऊठ आता." मी उठले नाही. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि ते जावयाला म्हणाले, "पाहिलंस? इतकी वर्षं फॉरेनला राहून! तू कधी वाकलास का इतका?" टाळ्या पडल्या. फोटो त्याच वेळचा. मग त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई पुढे आल्या, कारण जोडीने आशीर्वाद द्यायचा असतो. त्यांच्यामागे सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांच्यामागे आणखी काही वडीलधारी मंडळी रांगेत उभी राहिली. मुलगी वाकलेली आहेच, तर आपणही पाय पुढे करावेत, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. मी एकाच जागी होते. पाय बदलत होते. (दिल्लीकर बूट चांगले वापरतात. पॉलिश मात्र फक्त पुढून करतात.)

पहिल्या रांगेतून तुमचे चिरंजीव स्टेजच्या कडेशी आले. चेहरा लाल. "मैत्री, काय चाललंय यार? पप्पांना मी काय सांगू?"

"दादा, कंबर धरली."

"काय धरलं?"

"कंबर!"

वरून विमान गेलं. दादाने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. त्याला वाटलं, मी बदलले.

इतक्यात मुरलीधरराव माइकवर गेले. म्हणाले, ज्ञान काय, पुस्तकातही मिळतं, नम्रता मिळत नाही. भाषण ऐकायची गरजच नाही, या मुलीची नेमणूक मी इथेच जाहीर करतो. टाळ्या. मामा, ज्या नोकरीसाठी मी पृथ्वीच्या त्या टोकाहून आले, ती मला एक शब्दही न बोलता मिळाली. आता फक्त गप्प राहायचं होतं. वाकलेल्या माणसाला गप्प राहणं फार सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही त्या ऑफिसात सरळ का उभे राहायचा, तेही कळलं.

मी तशीच, कमरेत दुमडलेली, माइकपर्यंत गेले. माइक खाली ओढला आणि म्हटलं, "मी पाया पडले नव्हते. मी कुणाच्या पाया पडत नाही. मणका पडला होता, तो काढायला वाकले आणि माझी कंबर धरली. अजून धरलेली आहे. अध्यक्षमहाराज, मला तुमची खुर्ची हवी आहे." मुरलीधरराव उठले, ते रागाने की सवयीने, कुणास ठाऊक. मी स्टेजवर उताणी झोपले, पोटऱ्या त्यांच्या खुर्चीवर ठेवल्या, आणि माइक छातीवर धरून भाषण सुरू केलं. कंबर धरली की हेच करायचं असतं: गुडघे काटकोनात, श्वास हळू, आणि घाई नाही. मी सांगत होते आणि माझ्यावरच दाखवत होते. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. मग स्टेजभोवती कडं झालं. लोक वरून माझ्याकडे पाहत प्रश्न विचारायला लागले. कुणी "चमक निघते" म्हटलं, कुणी "कमर जाम हो जाती है". आजवर इतकी भाषणं केली, पण श्रोते कधी इतके जवळ आले नव्हते. सुनेत्राबाई तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मीही अशीच पडते, पण दार लावून. यांना वाटतं मी रुसले." मुरलीधरराव संपूर्ण भाषणभर उभे होते. त्यांच्या खुर्चीवर माझे पाय होते.

मग मी कुशीवर वळले, हाताचा टेकू घेतला आणि उठले. सरळ! टाळ्या पडल्या त्या यावेळी खऱ्या कारणासाठी. पण मुरलीधरराव चहाच्या टेबलाशी समोसा हातात धरून उभे होते. मला वाटलं, गेली नोकरी. मी समोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "खुर्चीवर पाय ठेवलेले मला आवडले नाहीत."

"मलाही आवडले नसते," मी म्हटलं.

"खोटं बोलली असतीस तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं."

त्यांनी समोसा खाल्ला. पूर्ण. मग म्हणाले, "चाळीस वर्षं माणसं माझ्यासमोर वाकली. त्यातल्या किती जणांच्या कमरा धरल्या होत्या, कोण जाणे. सोमवारी येऊन नेमणुकीचं पत्र घेऊन जा."

मामा, मला काल झोप लागली नाही, आणि ती दुखण्याने नव्हे! मी आता दादाच्या घरात हॉलमधून चालत बाल्कनीत जाते आणि परत येते, वहिनी हसते आहे. तरी मी होकार दिलेला नाही. विचार करायला वेळ मागितला आहे. आठ वर्षांचं काम, जमलेले पेशंट, एवढं सगळं सोडायचं तर घरातल्या मोठ्यांना विचारूनच, हे माझं ठरलेलं आहे. तुमचं मत कळवा. तुम्ही नको म्हणालात तर मी परत जाईन. मामींना जयभीम. गच्चीवरून खाली या.

तुमची भाची,
मैत्री

ता. क. मामींना सांगा, तो फोटो आणखी कुणाला पाठवू नका. दुसरा फोटो पाठवते आहे. त्यात मी झोपलेली आहे, पण सन्मानाने.

आणखी ता. क. आईला अजून काही माहीत नाही. तिच्या गल्लीत मुलगी परदेशात असलेली ती एकटीच आहे आणि त्या मानामुळे बायकांची बिशी तिच्याकडेच भरते. तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर रडेल. तुम्ही सांगितलंत तर आधी भांडेल, मग रडणं राहून जाईल.

शेवटचा ता. क. मत कळवताना एक लक्षात घ्यावं. हॅमिल्टनची नोकरी मी निघण्याआधीच सोडली. माझं सगळं सामान, पेशंट तपासायच्या टेबलासकट, गेल्या महिन्यात जहाजावर चढलं. बुकिंगच्या वेळी दिल्लीचं पक्कं नव्हतं आणि आईचा पत्ता दिला तर तिला कळलं असतं, म्हणून तुमचा दिला. काल कंपनीचा निरोप आला की ते मुंबईत उतरलं आणि ट्रक या आठवड्यात नागपुरात पोचेल. टेबल उचलायला चार माणसं लागतात, तुम्ही हात लावू नका, आणि पुढच्या खोलीचं दार बिजागरीतून काढून ठेवा. ट्रक आईच्या गल्लीतूनच वळेल. तिच्याशी बोलायचं ते त्याआधी बोला.