होडीवालीचा तात्पुरता आवाज

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बँकेतली नोकरी सोडल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. फोन केला की तो थेट ताईच्या हातात जातो, म्हणून हे पत्र. आमचा स्टुडिओ म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली, चार माणसं आणि तीन खुर्च्या. मी गेम डिझायनर आहे, म्हणजे दार कुठं, किल्ली कुठं, खेळणारा कुठं अडेल, हे ठरवते. शिवाय पडेल ते काम. आमच्या गेममधल्या होडीवालीला तूर्त आवाजही माझाच दिलाय. कलाकार अजून मिळायचाय.

एक विनंती आहे. आयुष्यात कधीच गेम न खेळलेला माणूस आम्हाला तपासणीसाठी हवाय, आणि तुमच्याइतका कोरा माणूस दुसरा कुठं मिळणार! ताई कॉम्प्युटरवर चढवून देईल. कुठं अडलात तेवढं कळवा. रागानं कळवलंत तरी चालेल.

लोभ असावा, राग ओसरावा.

तुमची,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खेळलो. एकदाच, तेही ताई मागे लागली म्हणून. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला तुम्ही मनोऱ्यातलं घड्याळ चालू करायला देता, आणि त्यात एकमेकांत अडकलेली दोन चाकं एकाच दिशेला फिरवता? जन्मात फिरायची नाहीत. ज्यानं केलं असेल त्याचे कान धर. तू केलं असशील तर स्वतःचे. किल्ली पायरीखाली ठेवलीत, ती सापडेपर्यंत नाकी नऊ आले.

होडीवाली बरी बोलते. धक्क्यावर नुसतं उभं राहिलं की विचारते, आहात ना, सवडीनं या. जेवण वेळेवर करतेस का ते ताईला कळव. मला नको.

बाकी ठीक.

बाबा

७ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चाकांची चूक माझीच. कान धरले. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, या परीक्षकाला हातचा सोडू नका.

पण तुमची चोरी पकडली गेली! कोण कुठं किती वेळ थांबलं, याची नोंद गेममधून आमच्याकडे येते. तुम्ही रोज खेळता आणि रोज तासभर त्या धक्क्यावरच अडकता. आम्ही चौघांनी डोकं खाजवलं. तुमच्यासारख्याला होडीत चढायची वाट दिसत नाही, म्हणजे माझीच मांडणी कच्ची. आता धक्काच काढून टाकलाय, होडी आपोआप सुटते. होडीवालीला खरी कलाकारही मिळाली, फार गोड गळा आहे. जुनं काढून नवं चढवा.

संध्याकाळी खालची यंत्रं थांबली की तुमच्या दुकानाची फार आठवण येते. डोळ्याला भिंग लावून, माझ्याकडे न बघताच बोलायचात. तेवढंही पुरायचं मला.

आठवण ठेवावी.

तुमची,
धाकटी

१५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सांगितल्याप्रमाणे जुनं काढलं, नवं चढवलं. नवी बाई छानच बोलते. होडी सुटते, पलीकडे पोचते. दहा मिनिटांत सगळं आटोपतं.

वाट मला पहिल्याच दिवशी दिसली होती, बाळ. मी अडलो नव्हतो. थोड्या थोड्या वेळानं तू विचारायचीस की आहात ना, आणि मी इथं खुर्चीत बसून हो म्हणायचो. ताईनं एकदा ऐकलं आणि दार ओढून घेतलं. तुमच्या नोंदीत हे येत नसावं. जुनं परत मिळेल का, असं विचारणार होतो, पण बरं दिसत नाही.

बँक सोडलीस ते चुकलंच, असं मला अजूनही वाटतं. ते मत राहू दे माझ्यापाशी. रविवारी सकाळी फोन कर. ताईला बाहेर पाठवलेलं असेल, मीच उचलीन. मला बहुधा काही सुचणार नाही. तू बोलत राहा.

लोभ होताच, तोंडाला कुलूप होतं इतकंच.

बाबा