तांबडी फुली मारलेलं घर

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
जून, दुसरा आठवडा

प्रिय अहो,

पत्रात तरी तुमचं नाव लिहावं म्हणून दोनदा पेन टेकवलं, पण जगन्नाथ असं कागदावरसुद्धा उमटेना. तेव्हा अहोच राहू दे. श्रीनाथच्या ऑफिसातला विघ्नेश कामासाठी रवांडाला निघालाय. तो किगालीच्या पुढे तुमच्या डोंगरापर्यंत काही येणार नाही, पण आपल्या नर्सरीतल्या क्लोदीनचा भाऊ तिथे शहरात असतो, त्याच्या हातात पाकीट देईन म्हणाला. रोज फोन होतो आणि वर पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर आपण दोघं कधी बोलतो? श्रीनाथ स्पीकर लावतो, ममता किचनमधूनच विचारते, "पप्पा, जेवलात का?", रेयांश "हाय आजोबा, बाय आजोबा" करून पळतो, आणि उरलेल्या वेळात तुम्ही म्हणता "सगळं ठीक" आणि मी म्हणते "बरं." मुलगा-सून इतक्या मायेने सगळं करतात की फोन जरा माझ्याकडे द्या, आतल्या खोलीत जाते, असं म्हणणं बरं दिसत नाही. आता घरात कुणी नाही. श्रीनाथ पहाटेच अबुधाबीकडे मुसफ्फाला यार्डवर गेलाय, ममता जेबेल अलीला ऑफिसात, पोरगा शाळेत. म्हणून बसलेय लिहायला.

इथे उन्हाळा चांगलाच लागलाय. सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर दार उघडताक्षणी चष्म्यावर वाफ. समोरचं काही दिसेना. खालच्या बकाल्याचा दुकानदार वली म्हणाला, "अम्मा, दो मिनट खडे रहो, फिर सब दिखेगा." तुमची आठवण काढत होता, बडे साब कब आएंगे म्हणून. मी म्हटलं, इन्शाल्ला. दुसरं काय म्हणणार?

तुम्हाला माहीत आहे का, इथे आल्यापासून मला सगळ्यात कशाची उणीव भासत असेल तर हवेवरच्या गप्पांची. तिथे आपलं अर्धं बोलणं हवेबद्दलच असायचं. चहाचा कप हातात घेऊन तुम्ही व्हरांड्यात उभे आणि समोर दरी धुक्याने भरलेली. "कुमुद, आज दुपारी गारा पडणार बघ." मी म्हणायची, नाही पडणार, माझे कपडे वाळायचेत. आणि खरंच दोघांपैकी कुणीतरी जिंकायचं. आपली भांडणंसुद्धा हवा बघून व्हायची. मळ्यावर गारपीट झाली की दोन दिवस तुमच्या वाटेला जायचं नाही, हे श्रीनाथलाही लहानपणीच कळलं होतं. इथे हवेबद्दल बोलण्यासारखं काय आहे? आज गरम, उद्याही गरम. माणसं एसीच्या नंबरावर बोलतात. चोवीस ठेव, बावीस ठेव.

दापोलीहून तुमच्या चहामळ्याच्या नोकरीपायी आपण तिथे गेलो तेव्हा श्रीनाथ तीन वर्षांचा. मला वाटलं होतं आफ्रिका म्हणजे उन्हाने भाजून निघणार. माझ्या आईने तर सुती साड्याच भरून दिल्या होत्या. आणि पहिल्याच संध्याकाळी मी तुमचा स्वेटर घालून कोळशाच्या शेगडीजवळ बसलेली, बाहेर टेकडीमागे टेकडी, टेकडीमागे टेकडी, आणि सगळ्यांवर चहा. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर आहे असं तुम्ही सांगितलंत, ते मला किती तरी दिवस खरं वाटलं नाही. त्या घरात आपण कधी पंखा घेतला नाही. मच्छरदाणी नव्हती. मार्चमध्ये इटुम्बाचा मोठा पाऊस, सप्टेंबरात उमुहिंदोचा. बायका आभाळाकडे न बघता नुसत्या महिन्यावर भरवसा ठेवून शेतात घेवडा टोचायच्या. मला ते फार आवडायचं. सासरच्या माणसांवरसुद्धा इतका भरवसा टाकता येत नाही, असं मी एकदा क्लोदीनला म्हटलं होतं, तर ती हातातली रोपं खाली ठेवून हसत सुटली होती.

कधीपासून बिघडलं, ते नेमकं मला सांगता येणार नाही. तुम्हाला येईल. मला आठवतो तो पहिला डास. तुमच्या कानाशी गुणगुणला आणि तुम्ही उठून बसलात. मी म्हटलं, अहो, एक डास तर आहे. तुम्ही म्हणालात, "या उंचीवर नको होता तो." त्यानंतरच्या पावसाळ्यात नर्सरीतल्या दोघी तिघींना मलेरिया झाला आणि तुम्ही किगालीहून मच्छरदाण्या आणवल्यात. मग उमुहिंदोचं वेळापत्रक गेलं. सप्टेंबर कोरडा, ऑक्टोबर अर्धा कोरडा, बायकांनी टोचलेला घेवडा मातीतच जळालेला. आणि मग एका दुपारी महिन्याभराचा पाऊस एकदम. खालच्या मळ्यात पानांवर लाल कोळ्याची कीड पडायला लागली, वरचा मळा मात्र पूर्वी गारठ्याने खुरटायचा तो फोफावला. तुम्ही म्हणायचात, चहा डोंगर चढायला लागलाय. गंमतीने म्हणायचात, पण चेहरा गंमतीचा नसायचा.

अशातच ममताचे दिवस भरत आले आणि मी तीन महिन्यांसाठी म्हणून इथे आले. विमानतळावर तुम्ही सांगितलंत, इटुम्बाच्या आधी परत ये, रस्ता वाहून जातो. मग रेयांश झाला. मग ममताची रजा संपली, दुसरी नोकरी लागली, बाळ कुणाकडे ठेवायचं? मग ते करोनाचं वर्ष, विमानंच बंद, आणि त्यातलं माझं आजारपण. कुणाचीच चूक नाही हो. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. पण खऱ्या कारणांनीसुद्धा वर्षं जायची ती जातातच. पुढच्या वर्षी नक्की, असं आपण एकमेकांना म्हणत राहिलो आणि रेयांश बघता बघता माझ्या खांद्याला आला.

मध्ये तुम्ही आलात ते जुलैत. श्रीनाथला तेव्हाच सुट्टी होती, त्याचाही इलाज नव्हता. पहिल्या आठवड्यात तुम्ही किती उत्साहात होतात! बाल्कनीत कढीपत्ता लावलात, सावली केलीत, बर्फाचं पाणी घातलंत, तरी तो चार दिवसांत काडी झाला. मग संध्याकाळ झाली, ऊन उतरलं, जरा पाय मोकळे करतो म्हणून मेट्रो स्टेशनकडे गेलात आणि बसस्टॉपजवळ चक्कर येऊन पडलात. वलीने दुकान तसंच उघडं टाकून तुम्हाला उचलून आणलं, इथलं ते ताक, लबन, पाजलं. त्यानंतर श्रीनाथने तुम्हाला खाली उतरू दिलं नाही. बरोबरच होतं त्याचं. पण उरलेले सगळे दिवस तुम्ही खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचात. काच बंद, बाहेर पांढरं आभाळ. रेयांश तुम्हाला म्हणाला, "आजोबा, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?" तुम्ही म्हणालात, "काही नाही रे." मी मागे उभी होते. तुम्ही खरंच काही बघत नव्हता. आपल्या लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तुम्हाला काहीच न बघता बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तुमचा आवाज बारीक झाला. जेवण अर्ध्यावर आलं. परत जाताना विमानतळावर तुम्ही पोरांसमोर डोळे पुसलेत, पण आत वळलात तेव्हा तुमची चाल आपल्या डोंगरावरची होती. ती मी ओळखली. वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं.

आता यंदाच्या इटुम्बात जे झालं, ते तुम्ही फोनवर एका वाक्यात सांगितलंत. "खालचा मळा गेला." क्लोदीनने मला नंतर सगळं सांगितलं. आठवडाभर थांबला नव्हता तो पाऊस. रविवारी सकाळी माणसं चर्चमध्ये होती म्हणून वाचली. आख्खा उतार मळ्यासकट सरकला, खालची घरं दिसेनाशी झाली, आणि तिचा सासरा तेवढा गुडघे दुखतात म्हणून घरी राहिला होता. तो म्हातारा मला येता-जाता वाटेत थांबवून अननस द्यायचा. सरकारी माणसांनी मग धोक्याच्या घरांवर तांबड्या रंगाने फुल्या मारल्या. त्यात आपलंही घर. व्हरांड्याच्या खांबावर फुली मारली म्हणे. क्लोदीन म्हणाली, मुझेहे ते बघत नुसते उभे राहिले, रंगवणाऱ्या पोराला पाणी दिलं, आणि आत जाऊन सामान आवरायला लागले. मुझेहे म्हणजे म्हातारबाबा, हे तिच्या तोंडून ऐकायला मला नेहमी गोड वाटायचं. या वेळी नाही वाटलं.

इथे मात्र घरात आनंद आहे. खोटं कशाला सांगू? श्रीनाथने दुसऱ्याच दिवशी तुमचं तिकीट काढलं, व्हिसाच्या मागे लागला. "आई, आता खलास. पप्पा कायमचे इकडे. इतकी वर्षं कोण राहतं असं वेगळं?" असं म्हणत त्याने तिकीट माझ्या पुढ्यात धरलं. ममताने माझ्या खोलीत दुसरा पलंग आणला. रेयांशने आपलं टेबल हॉलमध्ये हलवलं, तेही न कुरकुरता. आणि तुम्ही फोनवर म्हणालात, "येतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. ते "येतो" मला ठाऊक आहे. तुमच्या आईने दापोलीचं घर धाकट्या भावजींना द्यायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही "चालेल" म्हणालात ते याच आवाजात.

गेल्या शुक्रवारी क्लोदीनचा मला वेगळा फोन आला. अर्धं तिच्या भाषेत, अर्धं फ्रेंच, मला निम्मं कळलं, पण कळलं ते पुरे होतं. तुम्ही स्वेटर वाटून टाकलेत. रेडिओ देऊन टाकलात. दुपारी वरच्या टेकडीवर जाऊन बसता, जिथे मळा गेलेल्या कुटुंबांना नवी जागा मिळाली आहे. त्यांना तिथे चहा लावायचाय. रोपं तुमच्या नर्सरीत आहेत, कोरड्या सप्टेंबरातही जगलेल्या बुंध्यांची कलमं तुम्ही निवडून केलेली. पण ती वरच्या हवेत रुळवायची कशी, हे कुणाला कळत नाही. चहावाल्यांच्या सोसायटीने तिथे तुम्हाला एक खोलीही देऊ केली आहे म्हणे. तुम्ही नाही म्हणालात. तिने विचारलं, का? तर म्हणालात, "माझी बायको वाट बघते आहे."

अहो, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?

त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपणच निघायचं. वरची खोली तर वरची खोली. ममताला मी सांगितलंसुद्धा, पोरगा आता मोठा झाला, मला जाऊ दे. ती रडली, पण नाही म्हणाली नाही. म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखवून येऊ. करोनानंतर माझा श्वास जिना चढताना लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. यावेळी त्यांनी नळीत फुंकायला लावलं, चालायला लावलं, छातीचे सगळे फोटो पुन्हा काढले. मल्याळी डॉक्टरीण होती, चांगली होती, समजावून हिंदीत बोलली. फुप्फुसं आक्रसली आहेत, आता ती सुटायची नाहीत. समुद्राच्या कडेला आहात म्हणून निभतंय. उंचावर राहायला जाऊ नका, किगालीलासुद्धा नको. मी विचारलं, थोडे दिवस? तिने माझा हात धरला आणि नाही म्हणून मान हलवली. म्हणजे त्या डोंगराची हवा, जिच्यावर मी अर्धं आयुष्य काढलं, ती आता मला पुरायची नाही. आणि इथली तुम्हाला मानवत नाही. दापोलीला जाऊन राहावं का दोघांनी, हाही विचार करून पाहिला. पण तिथे भावजींच्या घरात दोन पाहुणे होऊन आपण करणार काय, आणि तुमची रोपं सोडून तुम्ही तिथे तरी कुठे असणार होतात!

तेव्हा जे फोनवर सगळ्यांसमोर सांगता येत नाही, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. तुम्ही येऊ नका. क्लोदीनला सांगा की खोली हवी आहे, आणि पाऊस लागायच्या आत वर जा. स्वेटर दिलेत ते परत मागून घ्या, लाजू नका. श्रीनाथला मी सांभाळीन. तो रागावेल, माझ्यावर रागावेल, ते चालेल. मी वाट बघते आहे हे खरं आहे. रोज बघते. पण तुम्ही इथे खिडकीशी बसून रोज थोडे थोडे कमी होणार आणि मी ते बघत बसणार, त्यापेक्षा मला वाट बघणं जमेल. जानेवारीत इथे हवा बरी असते, संध्याकाळी शाल लागते. तेव्हा या. तीन आठवडे या, पाहुण्यासारखे या, मी पुरणपोळी करीन. आणि मग परत जा. आपला संसार आता एवढाच राहिला आहे. वाचून झाल्यावर फोनवर काही बोलू नका. नुसतं म्हणा, "कुमुद, वर पाऊस बरा आहे." मला कळेल.

तुमचीच,
कुमुद