येतो म्हणा, जावईबापू

४ मे
यु. सकाळी घरी आला. माझा फिनिश नवरा वर्षातले आठ महिने फिनलंडमध्ये बर्फावर हॉकी खेळत, मी डब्लिनमध्ये लॅपटॉपसमोर, लग्नाची पाच वर्षं अशीच. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन करून आलाय. क्लबने करार वाढवलेला नाही. ऑगस्टमध्ये बर्फावर उतरवून बघू म्हणाले. सतरा सीझन झाले, अठरावा हवाय. वय छत्तीस. मला दुसरं काहीच येत नाही म्हणतो. (मटार छान सोलतो.)

११ मे
आई नागपूरहून आली. जावई आइस हॉकी खेळतात, हे कॉलनीभर सांगून आलीये. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, बर्फावर चेंडू उसळतो कसा? इथे डब्लिनमध्ये माझ्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसात तरी काय वेगळं! हॉकी म्हटलं की ह्यांना मैदानावर हॉकी खेळणाऱ्या शाळेतल्या मुली आठवतात. मग मी यु.चा पुढचे दोन दात नसलेला फोटो दाखवते.

२ जून
आईला जुनी मॅच दाखवली. जावई गोल कधी करतात, हे तिचं तीनदा विचारून झालं. करत नाही गं, अडवतो. रबराची दगडासारखी चकती येते आणि हा अंग मध्ये घालतो. आई उठली. मग प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) तिळाचं तेल काढून त्याचा गुडघा चोळायला बसली. एवढा दांडगा माणूस, लाजून लाल.
मला ह्या माणसाचा प्रचंड अभिमान आहे. तोंडावर म्हटलं की विषय बदलतो, म्हणून इथे.

२२ जून
फजिती. जवळपास स्केटिंगला धड बर्फाची रिंक नाही, म्हणून दर शनिवारी बेलफास्टची ट्रेन. ॲपवर मराठी शिकतोय. बॅग खांद्याला लावून दारात थाटात म्हणाला, "आई, मी जातो."
आईचा चेहरा उतरला. "जातो नाई म्हनत, जावईबापू. बसा पयले. पानी प्या, मंग येतो म्हना."
बसला. पाणी प्यायला. उठून "येतो" म्हणाला. ट्रेन चुकली.
स्टेशनवरून त्याचा फोन, की निघताना 'येतो' का म्हणायचं? म्हटलं, म्हणजे परत येणं ठरलेलं असतं. लिहून घेतो म्हणाला.

१८ जुलै
फिजिओ गुडघा वाकवून 'ग्रँड', म्हणजे मस्त, म्हणाली. इथे पावसालाही ग्रँड म्हणतात, त्यामुळे यु.ला पटलं नाही. पण आज जिना उतरताना कठडा धरला नाही. मी पाहिलं.

९ ऑगस्ट
यु. गेला. (आईने हे वाचलं तर मला पाणी पाजून परत लिहायला लावेल.) फिनलंडला रवाना. आईने डब्यात लाडू दिलेत, टीमला पुरतील एवढे.

१४ ऑगस्ट
फोन आला. चाचणी झाली. गुडघा टिकला. विशीतल्या पोरांच्या दोनदा मागे पडला, तेही त्यानेच सांगितलं. निर्णय शुक्रवारी. तोवर ड्रेसिंग रूममधली जागा रिकामी करून ठेव म्हणाले.
त्याने टॉवेल, टेप, दाढीचं सामान भरलं. स्केट्स खुंटीवरच ठेवले. कोचने विचारलं, हे नाही नेत? यु. दारातून वळून त्याला मराठीत म्हणाला, "येतो."
कोचला काय कळलं असेल कोण जाणे. आईला सांगितलं, तर म्हणाली, "आता कसं बराबर बोलले."
आज बुधवार.