झाकण नीट बसत नाही

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिले आहेत, मनापासून आहेत असं धरून चालू नकोस.

काल तू सरकारी कॅमेरा घेऊन माझ्या तेल-गॅस केंद्रात आलीस. न कळवता तपासणीला येणं तुझ्या नोकरीत बसतं म्हणे. पण माझ्याच माणसांसमोर मला तेलाच्या टाकीवर चढवलंस, झाकण नीट बसत नाही म्हणून सुनावलंस, आणि वर मला ‘साहेब’ म्हणालीस! सख्ख्या भावाला! डोळ्यांना न दिसणारा गॅस तुझ्या पडद्यावर काळाकुट्ट दिसला, आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच तो चोरून नेतोय.

उरलेला गॅस जाळणारी उंच नळीवरची ज्वाळा मी हौसेने विझवलेली नाही. वसाहतीतल्या लोकांना तिच्या उजेडाने झोप येत नव्हती, तक्रारी झाल्या, वरून तोंडी हुकूम आला. झाकणाचं रबर मागवलंय, येईल तेव्हा येईल. फुंकरीएवढ्या गॅससाठी एवढा तमाशा?

तुझी वहिनी जेवायला थांब म्हणत होती. तू गाडीत बसून चालती झालीस. पत्राच्या शेवटी लोभ मागतात. सध्या नसला तरी माझं अडणार नाही.

दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. आशीर्वाद परत पाठवायची सोय नाही, म्हणून ठेवून घेतले.

जेवून गेले असते तर भावाच्या घरी पाहुणचार झोडून रिपोर्ट मऊ केला, असं लोक म्हणाले असते. न जेवता गेले तर तुझं नाक कापलं गेलं. मी करायचं तरी काय?

ज्वाळा विझवली म्हणजे गॅस संपला का रे? आता तो तसाच कच्चा हवेत जातो, आणि कच्चा मिथेन जळलेल्या गॅसपेक्षा हवा कितीतरी जास्त तापवतो. शेजारच्या केंद्रात टाकीतून सुटणारा गॅस पंपाने ओढून परत पाइपात घालतात, आणि विकतात. तुम्ही तोच विकायचा माल आभाळात सोडता आणि मला फुंकर म्हणून सांगता.

एक मात्र बहीण म्हणून लिहिते. तेलाची वाफ जड असते, वारा पडला की जमिनीलगत साचते. रबर बसेपर्यंत टाकीजवळ ठिणगी उडेल असं कुठलंही काम काढू नकोस. वहिनीला नमस्कार. तुला राग पुरे.

धाकटी

२१ मार्च

धाकटीस,
टाकीच्या जिन्याचा कठडा तुटला होता. काल दुपारी वेल्डर तो जोडत असताना भडका उडाला. वारा नव्हता. तो वाचला, पण दोन्ही हात भाजलेत. झाला आनंद?

आता नीट वाच. चौकशी बसली आहे. वेल्डरने परवानगी न घेता काम सुरू केलं, अशा जबाबावर मी सही करावी, असं वरच्यांचं म्हणणं आहे. परवानगी मी दिली होती, हे मला आणि त्याला माहीत आहे. आड येतो तो फक्त झाकण सैल असल्याचा तुझा रिपोर्ट. नंतर पुन्हा येऊन पाहिलं तेव्हा ते घट्ट होतं, एवढं तू लिहून दे. खुर्ची गेली तर हे क्वार्टर जाईल, तुझ्या भाच्यांची शाळा जाईल. एवढं करणार नसशील तर यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. काल हॉस्पिटलात गेले होते. वेल्डरची बायको त्याला चमच्याने भरवत होती. तुझ्याबद्दल तो एक वाकडा शब्द बोलला नाही. उलट, पेटलेली बाही साहेबांनी स्वतः ओढून काढली असं सांगत होता, आणि तुझा तळहात बरा आहे का विचारत होता.

हे तू मला लिहिलं नाहीस. पत्रातलं अक्षर एवढं वेडंवाकडं का आलं, ते तेव्हा कळलं.

ज्या हाताने त्याला ओढून काढलंस, त्याच हाताने त्याच्या माथी खापर फोडणार आहेस? मी एक ओळ बदलणार नाही. दार बंद करायचं तर खुशाल कर. भाचे माझ्याकडे राहून शिकतील. पण खोटं लिहून टिकवलेली तुझी खुर्ची मला त्यांना दाखवायची नाही.

धाकटी

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
चौकशीत सांगून टाकलं. परवानगी माझी होती, झाकण सैल आहे हे मला ठाऊक होतं, आणि ज्वाळा कुणाच्या तोंडी हुकमावरून विझवली तेही सांगितलं. ते गृहस्थ समोरच बसले होते. चहा तसाच ठेवून उठून गेले.

मला पाइपांच्या गोदामात टाकलंय. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. नव्या साहेबाने आल्याआल्या रबर बसवून घेतलं, ज्वाळा पेटवली. पंपाचा चौथरा बांधायला घेतलाय. रबरासाठी केलेल्या माझ्या तीन अर्जांना जे जमलं नाही, ते एका भडक्याने केलं. तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस. मी हे तुझ्यासाठी केलेलं नाही. वहिनी म्हणते तुझे आभार मानायला हवेत. मी तिला म्हटलं, तूच मान.

गुरुवारी वेल्डरच्या हातांच्या पट्ट्या सोडणार आहेत. मी जाणार आहे. तूही असशीलच, तुला कोण अडवणार! तिथे माझ्याशी बोलू नकोस. बोललीस तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि मला एवढ्यात तुझ्याशी बोलायचं नाही.

दादा