टोंगळे गेले म्हणून सांगितलं तुमी

टोंगळे गेले म्हणून सांगितलं तुमी, बाबा, आणि मी रोज दिवेलागणीले सिगडीवर तिळाचं तेल गरम करून ते टोंगळे, पुस्तकातले गुडघे, चोळत बसली. लसणाची पाकळी जाळलेलं तेल. शाळेत बाजूची पोरगी माझ्या हाताच्या वासानं नाक दाबत होती. बाकीच्या पोरी बाहेर लंगडी खेळून राहिल्या आणि मी तुमचा पाय मांडीवर घेऊन बसली आहे. तुमी भिंतीले टेकून, डोळे मिटून, वरून सांगता, "डाव्याले थोडं जास्त चोळ वो बाई." डाव्याले कावून? दोन्ही सारखेच धडधाकट होते ना? हे मले तुमच्या तेरवीच्या दिवशी समजलं, तुमच्या तोंडून कसं समजणार म्हणा. पंगत उठली आणि तुमचा पाळीतला जोडीदार माझ्याजवळ येऊन बसला. म्हणे, तुझ्या बापाचे टोंगळे शेवटपर्यंत घोड्यासारखे होते. रात्रपाळी करून फुटबॉलची मॅच, मॅच खेळून परत पाळी, असं त्या साली चाललं होतं, आणि एकदा पोलादाच्या मिलमध्ये उभ्या-उभ्या डोळा लागला. समोरून लाल लोखंड धावून राहिलं आणि याचा तोल पुढं. मी मागून शर्ट धरून ओढला, शर्ट फाटला, माणूस राहिला. असं म्हणून तो पान थुंकायले उठला. माझ्या मांडीवर तान्हं पोरगं होतं म्हणून, नाहीतर तुमच्या फोटोसमोर जाऊन तेव्हाच भांडली असती.

इतकी वर्षं हा राग गिळून बसली होती. आता उकरून काढून राहिली, कावून का आता माझ्यावर आलं आहे.

तुमाले ती संध्याकाळ आठवते का? सेक्टर १० चं क्वार्टर, स्वयंपाकघरात एकाच खिडकीचा उजेड. तुमच्या शॉपची, म्हणजे कारखान्यातल्या तुमच्या खात्याची, टीम त्याच साली खालच्या डिव्हिजनमधून वर गेली होती, आठवडाभर आपल्या घरी पेढे होते. आई भाकरी टाकून राहिली होती. तुमी आत आले, दारामागच्या खिळ्याले बूट टांगले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, टोंगळे गेले. आईनं तवा उतरवला आणि मले म्हणाली, बाबाच्या पायाले तेल लाव. फाटका शर्ट तिनंच धुतला असेल, धुता-धुता भ्याली असेल, तिले सगळं माहीत होतं. तुमी दोघांनी मिळून मले कामाले लावलं.

आणि मग तुमचे रविवार. चार वाजले की मैदानावरून शिट्टी ऐकू यायची. तुमी अंगणात सायकल उलटी करून चाकाच्या तारा पुसत बसायचे. सकाळीच पुसलेल्या तारा. शिट्टी वाजली की हात थांबायचा, मग पुन्हा चालू. मी दारातून तुमची पाठ पाहत होती आणि मले भीती वाटत होती. चिडलेला माणूस ओरडतो, हात उगारतो, ते मले माहीत होतं. असा गप बसलेला माणूस काय करेल ते माहीत नव्हतं. तुमी कधीच काही केलं नाही. नुसते पुसत राहिले, मरेपर्यंत.

आता तुमच्या नातवाचं ऐका. तेव्हा मांडीवर होता तो आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. तुमच्यासारखाच उजव्या बाजूनं पळतो, कोणी शिकवलं नाही. तुमी खेळत होते एवढं त्याले माहीत आहे, टोंगळ्यांचं माहीत नाही. याचे वडील दुसऱ्या घरी राहतात, त्यांचं नाव काढू नका. घर माझ्या डब्यांवर आणि याच्या पगारावर चालते. पगार हथखोजच्या एका कारखान्यातला, पत्र्याच्या प्रेसवर. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून वजन पडते, माल तयार. हात आत, हात बाहेर, रात्रभर. तुमच्या वेळेस खेळणाऱ्याले पाळीतून लवकर सोडत होते, जोडीदार सांभाळून घेत होता. याच्या मागं शर्ट धरणारं कोणी उभं नसते.

मी त्याच रस्त्यावर कामगारांना दुपारी जेवणाचे डबे देते. लोक चेहरे ओळखतात, मी हात ओळखते. एक जण डब्याची कडी दोन बोटांत अडकवून घेतो, कावून का बाकीची नाहीत. एक जण दोन्ही तळव्यांवर घेतो, प्रसाद घेतल्यासारखा, त्याले अंगठा नाही. सगळे हसून घेतात, भाजी कोणती म्हणून विचारतात. घरी पोरगा ताटावर बसला की मी आधी त्याची बोटं पाहते. तो म्हणतो, क्या देख रही हो आई. मी म्हणते, नखं काप.

दिवाळी झाली आणि यांची लीग सुरू झाली. क्लब म्हणजे काय, तर वैशाली नगरकडची पोरं, एक रिटायर कोच आणि धुऊन-धुऊन पांढरे पडलेले निळे शर्ट. राज्याची सेकंड डिव्हिजन. पहिले आले तर वर जायचं, नाहीतर पुढच्या साली पुन्हा तेच. पोरगा पहाटे प्रेसवरून सुटला की तसाच मैदानावर जायचा. आल्यावर दोन घास खाऊन पडायचा, संध्याकाळी परत कारखाना. एकदा जेवता-जेवता झोपला, उजवा हात वरणात. मी तो हात बाहेर काढला, पुसला, एक-एक बोट पुसलं. वरण होतं म्हणून हात वाचला, असं वाटलं मले. हाच हात काही तासांनी तिकडं आत जाणार होता.

मी रोज म्हणायची, दोन्हीपैकी एक सोड. तो म्हणायचा, बस ये सीझन, आई. मग मी मारोतीकडं गेली. नारळ कबूल केला, यांची टीम हरू दे. ताकदीचा देव, आणि मी त्याच्यापुढं उभी राहून हार मागून राहिली. शेजारीण विचारते, पोराची मॅच आहे म्हणून आली का? मी म्हटलं, हो. यात खोटं काय? आणि हे जिंकतच सुटले. धमतरीचे आले, त्यांना हरवलं. कोरब्याले जाऊन जिंकले. दर वेळेस टोंगळ्यापर्यंत माती घेऊन दारात उभा, तोंडभर हसू. मी म्हणायची, पाय धू आधी. दर जिंकण्यामागं माझी भीती वाढत होती. हरला असता तर खेळ आपोआप सुटला असता, मले सोडवावा लागला नसता.

मग राजनांदगावले हरले. मारोतीनं ऐकलं. मी मनातल्या मनात नारळ आणायले निघाली होती तेवढ्यात पोरगा आला. जेवला नाही. अंगणात उकिडवा बसला आणि फडकं घेऊन मोटरसायकल पुसायले लागला. आदल्याच दिवशी धुतली होती. चाकाची एक-एक तार. मी दारात उभी होती, हातात पोळीचं पीठ, आणि मी तुमची पाठ पाहिली, बाबा. तेच खांदे, तीच वाकलेली मान. तोवर मले एकच भीती होती, हाताची. त्या दिवसापासून दोन झाल्या, दुसरी या पाठीची. नारळ फोडला नाही. मारोतीले सांगितलं, थांब जरा, मी विचार करते.

शेवटची मॅच इथंच होती. जिंकले तर वर. मी डब्यांची पिशवी घेऊनच गेली, म्हणजे कोणी विचारलं तर जाता-जाता थांबली असं सांगता येईल. दोरीजवळ तो दोन बोटांवाला उभा होता, गोंदियाकडचा आहे, मले काकू म्हणतो. मैदानावर पोरगा उजव्या बाजूनं धावून राहिला होता. दोन बोटांवाला मधेच म्हणाला, "काकू, तुमचा पोट्टा माया मशीनवर हाय."

"तुया मशीनवर म्हणजे?"

त्यानं दोन बोटं राहिलेला हात वर केला. "याच्या."

इतके महिने डबा देऊन राहिली होती आणि हे मी कधी विचारलं नव्हतं. आता तोंडातून निघून गेलं. म्हटलं, डोळा लागला होता का रे?

"नाई वो काकू. घरून झोपून गेलतो. पोटभर जेवलतो. जागाच होतो, गाणं म्हणून राहिलतो. बस, हात आत होता."

तो मैदानाकडं पाहूनच बोलला, भाजीत मीठ कमी होतं असं सांगावं तसं. म्हणजे झोपेचं काही नव्हतंच. आणि त्याच घडीले पोरानं कोपऱ्यातून बॉल आत मारला, दुसऱ्या कोणाचं तरी डोकं लागलं आणि गोल झाला. डबे माझ्या हातातून सुटले. झाकणं घरंगळत दोरीच्या आत गेली. तो माणूस म्हणतो, काकू, तुमी हातभर उडी मारली. खोटं बोलून राहिला असेल. पण घरी आल्यावर दोन दिवस माझा घसा बसलेला होता, ते खरं आहे. शिट्टी वाजली, पोरांनी कोचले उचललं, आणि तुमचा नातू आधी माझी झाकणं वेचायले आला. म्हणाला, "आई, हम ऊपर चले गए." मी म्हटलं, एक झाकण कमी आहे, पाहा तिकडं.

वर गेले म्हणजे आता बाहेरगावच्या मॅच जास्त, प्रॅक्टिस दोन वेळा. कारखान्याच्या मालकानं सांगितलं, खेळ नाहीतर ड्यूटी. दोन-तीन दिवस तसेच गेले. काय ठरवलं ते मी विचारलं नाही, मी तर वर्षभर बोलून चुकली होती. गुरुवारी दुपारी मी पोळ्या लाटून राहिली होती. तो आत आला, दारामागच्या खिळ्यावरची माझी चाळणी काढली, बूट टांगले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आई, घुटने में दर्द है. अब नहीं होगा."

त्याले टोंगळे हा शब्दसुद्धा येत नाही, बाबा. आणि खोटं अक्षरशः तुमचं. कुठून शिकला?

मी काय केलं माहीत आहे? तवा उतरवला आणि तेल गरम केलं. त्याचा पाय मांडीवर घेतला. तो मोबाईल पाहून राहिला होता. मी चोळत-चोळत खाली सरकली आणि पिंढरी दाबली. बऱ्याच वेळानं त्याले आठवण आली तसा तो कण्हला आणि म्हणाला, "हां आई, वहीं." वहीं म्हणजे कुठं? टोंगळा वर राहिला होता. त्याच्या टोंगळ्याले काही झालेलं नाही. त्यानं वर्षभर माझं तोंड पाहिलं, ताटावर बोटं पाहणारी मी पाहिली, आणि आईच्या भीतीपायी बूट टांगले. तुमी बायकोच्या भीतीपायी टांगले तसे.

खरं सांगू? खिळ्यावर बूट पाहिले तेव्हा आधी मले बरं वाटलं. सुटली असं वाटलं. मग तेल चोळता-चोळता समजलं का बूट टांगले, पण हात तर अजून प्रेसच्या आतच आहे. दिवसा झोप पूर्ण होईल, रात्री जाग्यानं जाईल. तो दोन बोटांवालाही जागाच होता. मी वर्षभर भिऊन-भिऊन बॉलच्या मागं लागली. प्रेस सोड, असं एकदाही म्हटलं नाही, कावून का प्रेसमधून घरात दाणे येतात. म्हणून तुमाले विचारून राहिली. मी तुमचे टोंगळे चोळत होती तेव्हा तुमाले काय वाटत होतं? मी एकदा तरी म्हणावं, बाबा, उठा, तुमचं काही दुखत नाही, जा खेळायले, अशी वाट पाहत होते का? का म्हटलं असतं तर थोबाडीत दिली असती? आणि आईवर राग होता का? हे खरं-खरं सांगा, कावून का आता तिच्या जागी मी आहे. ये रे, बूट घाल, प्रेस सोड, दोन डबे मी जास्त करीन, असं म्हणायले जीभ उचलते आणि पुन्हा भीती वाटते, डब्यांवर घर चाललं नाही तर. गप बसली तर ती पाठ आयुष्यभर अंगणात पाहायची.

सोमवारी सकाळी कोचले नव्या सीझनची नावं द्यायची आहेत. तुमी माझ्या सपनात एकदाही आले नाही, आईच्या यायचे म्हणे. हे पत्र टाकायले पेटी नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवून राहिली, तिथं पाहा. आज संध्याकाळी पोरानं पाय लांब केला तेव्हा मी त्याले सांगितलं, तेल संपलं. शिशी भरलेली आहे, पिठाच्या डब्यामागं लपवली आहे. रविवारी चारच्या शिट्टीच्या आत उत्तर द्या, बाबा. त्यानंतर मी शिशी तरी काढीन, नाहीतर भिंतीतला तो बुटांचा खिळा.