आईने धुतलेला गोठा

ता. २ मार्च

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल. बाळाला दात येताहेत, त्यामुळे घरात कोणाचाच डोळ्याला डोळा नाही. तू मात्र नेहमीप्रमाणे तीन ओळींत पत्र उरकलंस. तुझ्या गाईसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतात.

कामाचं सांगते. आमच्या प्रयोगशाळेचे तपासनीस पुढच्या आठवड्यात तुमच्या ओढ्यावर येणार आहेत. सगळं शहर तेच पाणी पितं, म्हणून यंदा नियम कडक झालेत. पाण्यात शेणाचा अंश जास्त सापडला, तर शेणासाठी पक्की टाकी बांधेपर्यंत निम्मी जनावरं काढावी लागतील. टाकी ओढ्यापासूनही लांब हवी आणि विहिरीपासूनही. आपल्या चिंचोळ्या जागेत तशी एकच जागा आहे, ती म्हणजे आपलं स्वयंपाकघर. तेव्हा गोठा नीट ठेवा, एवढंच म्हणते.

आईला नमस्कार. माया आहेच, जरा पत्रातही उतरू दे.

तुझी धाकटी

ता. १२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं आणि तिथेच माशी शिंकली. साहेब येणार म्हटल्यावर तिने पाहुणेच येणार असं धरलं. मी रोज शेण फावड्याने ओढून शेतात टाकतो, पाणी बेतानेच वापरतो. आईच्या मते हा माझा आळस. त्या दिवशी मी दूध घालायला गेलो आणि मागे तिने पाइप लावून गोठा घासूनपुसून धुतला. कोपऱ्यात वर्षभर साचलेलंही सोडलं नाही. परत आलो तर ओढा हिरवट झालेला आणि तपासनीस खाली वाकून बाटली भरताहेत. जाताना ते आईला म्हणाले, की इतका स्वच्छ गोठा त्यांनी कुठे पाहिला नाही. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नाहीत. धुतलेलं सगळं ओढ्यात गेलं हे मी तिला सांगितलेलं नाही.

ती बाटली तुझ्याच टेबलावर येईल. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढ्या एका बाटलीचं बघ.

बाळाला पापा. आमची आठवण राहू दे.

तुझा दादा

ता. २० मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

बाटली आली. झाकण उघडलं आणि आपल्या गोठ्याचा वास आला. आधी फार बरं वाटलं, मग रडू आलं. ती हातून सांडली असती तर कोणी विचारलंही नसतं. पण संध्याकाळी बाळासाठी पाणी घ्यायला नळ सोडला आणि हात तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी आकडा होता तसा लिहिला. माझ्यावर राग धर, पण पत्र बंद करू नकोस.

फेरतपासणी होईल. कधी, ते मला सांगत नाहीत, कारण तू माझा भाऊ हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. तेव्हा पाणी चांगलं निघालं तर उरलेल्या गाई राहतील, नाही तर गोठाच बंद. आईला एकदाचं खरं सांग.

जमलं तर पूर्वीसारखीच माया कर.

तुझी धाकटी

ता. ९ एप्रिल

चि. धाकटीस, अ. उ. आ.

राग आला होता. एक पत्र लिहून फाडलंही. पण तुझ्या जागी मी तरी वेगळं काय केलं असतं? निम्म्या गाई गेल्या. काणी गेली, नाठाळ गेली. नाठाळ ट्रकमध्ये चढताना जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखी वागली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आईने असा समज करून घेतलाय, की साहेबांना कुठला तरी कोपरा घाण दिसला म्हणून गाई नेल्या. आता ती दिवसातून तीनतीनदा गोठा धुते. पाइप लपवून ठेवला, तर या वयात ओढ्यावरून बादल्या वाहते. खरं अजून सांगितलेलं नाही. नाठाळची आई मेली तेव्हा तिला बाटलीने दूध पाजून आईनेच वाढवलं, तू पाहिलंयस. ती आपल्याच हातांमुळे गेली हे कळलं, तर आई अंथरूण धरेल. न सांगावं, तर पुढच्या बाटलीत काय निघणार ते ठरलेलंच. इकडे आड तिकडे विहीर झालंय.

तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, तूही तो हलवू नकोस.

तुझा दादा

ता. क. आई आत्ताच बादली ठेवून आत आली. साहेब पुन्हा कधी येणार ते विचारून कळव म्हणते. त्या दिवशी ती पहाटेच धुवायला घेणार आहे.