एक जादा मात्रा

क्रिकलवुड, लंडन
९ मार्च १९७४

प्रिय हेस्टरताई,

या दोन हातांनी मी आजवर दोनशे बारा गाणी (पैकी अकरा गाजली), टीव्ही मालिकांच्या सुरुवातीच्या सहा धुना, केसांच्या तेलाच्या जाहिरातीची एक धून (ती मोजू नये) आणि बिस्किटांच्या डब्यातून आवाज घुमवायचं एक यंत्र बनवलं आहे. दिवसभर तू करतोस तरी काय, असं तू मागच्या पत्रात विचारलंस, म्हणून हे आधी. आता सांग, तुझा गुडघा काय म्हणतो? मी ठणठणीत आहे.

गुरांच्या डॉक्टरची नवी मालिका तू बघतेसच. तिच्या धुनेत तीन ठिकाणी एकेक मात्रा जादा आहे. ती चूक नव्हे. बाबांनी पियानोची शिकवणी लावली तुला. मी दाराआडून ऐकायचो आणि प्रार्थनाघरातल्या पेटीवर बोटं फिरवायचो. त्या पेटीचा भाता फाटका. ओळ संपली की तिला दम खायला एक मात्रा जास्त लागायची, ती माझ्या अंगात मुरली. मला नोटेशन लिहिता येत नाही (तुला येतं, ठाऊक आहे). मी गुणगुणतो आणि क्रिस्पिन लँगफर्ड उतरवून घेतो. हा गृहस्थ संगीत महाविद्यालयातला. त्याने माझ्यावर उपकार म्हणून तिन्ही मात्रा गुपचूप उडवल्या.

मला हे कळलं ते थेट ध्वनिमुद्रणाच्या दिवशी. अकरा वादक, तीन तास. काचेपलीकडून पहिली ओळ ऐकली आणि मी सगळं थांबवलं. क्रिस्पिन शांतपणे म्हणाला, "विल्फ्रेडराव, चित्रफीत अडतीस सेकंदांची आहे. तुमच्या मात्रांना जागा नाही." निर्मात्याने मान डोलावली. त्या दिवशी मात्रा गेल्या असत्या तर कायमच्या गेल्या असत्या, आणि माझ्या नावाची धून मलाच परकी झाली असती. मी काही बोलणार तेवढ्यात चहाची वेळ झाली. वादकांच्या युनियनचा नियम असा, की सूर अर्धा बाहेर आला असला तरी वाद्य खाली ठेवायचं. मी चहाच्या टेबलावर चमच्याने ठेका धरून म्हातारे हॉर्नवाले टॉब यांना माझी धून ऐकवली. ते कपात बिस्कीट बुडवता बुडवता थांबले.

"म्हणजे तिथे मला श्वास घेता येणार," ते म्हणाले, आणि वळून, "लँगफर्ड, या वयात मला एका दमात वाजवायला लावणार असशील, तर हॉर्न तूच वाजव."

चहानंतर क्रिस्पिनने अकरा कागदांवर स्वतःच्या हाताने मात्रा परत लिहिल्या. निर्मात्याने चित्रफितीतली फाटकावरची कोंबडी पडद्यावर दीड सेकंद जास्त ठेवली. आता प्रेक्षकांची पत्रं येतात (सगळी कोंबडीबद्दल).

तुझा,
विल्फ

ता.क. मेव्हिस बुधवारपासून तुझ्याकडे आहे, हे तिच्या नवऱ्याला, म्हणजे मला, माहीत आहे. ओव्हन कसा पेटवायचा ते तिला विचारून कळव. त्यापेक्षा तिलाच रविवारपर्यंत पाठव. मी चिडलेलो नाही म्हणावं.

आणखी एक. ग्रेव्हीच्या पावडरवाल्यांना जाहिरातीसाठी ही धून हवी होती, फक्त जादा मात्रा काढून. मी नाही म्हटलं. मेव्हिसने तुला पाच हजार सांगितले असतील. तिला आकडा फुगवायची सवय आहे. मी नाकारले ते चार हजार सातशे पन्नास पौंड.